सूपभर कोंड्यावर

शनिवारी सकाळच्या शाळेत शिकवून घरी आलो, तर माझ्या कादंबरीचा नायक भर उन्हात ओट्याखाली उभा होता. ओट्यावर सावली होती. सावलीत आई बसलेली होती आणि तिच्या शेजारी आणखी दोघं बसतील एवढी जागाही होती. पण वर ये असं कुणी म्हटलं नव्हतं, म्हणून तो खाली. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी, पायात काही नाही. चैत्रातली परभणीची दुपार, स्टेशनमागच्या आमच्या गल्लीत कुत्रीसुद्धा मोरीच्या ओलीला पोट लावून पडलेली, आणि हा उभा. मला पाहून हसला. मी मात्र जागीच थबकलो, कारण या माणसाला मी फाल्गुनातच मारून टाकला होता. नीट सवडीने, शेवटच्या प्रकरणात. दिनकरराव वकिलांनी ते मरण त्यांच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवलं होतं आणि ऐकणाऱ्यांनी बराच वेळ पानाच्या तबकाला हात लावला नव्हता. आता तोच माणूस समोर दात काढून हसत होता. मी म्हणालो, "दादा, वर ये की." मग तो वर आला.

येडबा माझा सख्खा थोरला भाऊ. ताडकळसच्या पुढे आमचं गाव, त्या गावच्या देशमुखांकडे तो लहानपणापासून होता. "होता" हा शब्द मी मुद्दाम वापरतो, कारण कामाला होता म्हणावं तर त्याला मजुरी नव्हती, आणि राहायला होता म्हणावं तर गोठ्यात बैलांजवळ झोपत होता. आईने त्याला गावाहून पायी आणि पुढे पूर्णेहून रेल्वेने इथवर आणलं होतं, न कळवता. माझी बायको कमल पहिलटकरीण, ती सेलूला माहेरी गेलेली, घरात मी एकटा. मी माठातलं पाणी दिलं. येडबाने तांब्यातलं पाणी वरून तोंडात सोडलं, ओठ न लावता. आई पाणी प्यायली नाही. पदराने तोंड पुसत म्हणाली,

"घिऊन आले बाबा. बाईसाब गेल्या. तेराव्याची जेवनं झाली आन् त्यांचा लेक किसनराव म्हनला, भागुबाई, तुमचं लेकरू तुमी घिऊन जा. कुळकायद्याचं कायतरी बोलायलता. उद्या ह्यो कूळ म्हनून उभा ऱ्हाईल म्हने वावरात."

"आन् कोंडा?" मी विचारलं. गावचं कुणी आलं की माझी जीभ आपोआप गावाकडे वळते.

"कुठला कोंडा! म्या सूप घिऊन गेलते. म्हनलं मालक, रीतीनं परत घिते. तर म्हनला, म्हातारे, आता सरकार बदललं, असलं काय करायचं न्हाई, चल नीघ. लेकरू तसंच आनलं, रायभान. धनीण मेली, आन् आमी इकत घेतलं न्हाई. आता ते कुनाचं हाय सांग बरं?"

येडबा हे ऐकत होता आणि भिंतीवरच्या माझ्या घड्याळाकडे कौतुकाने बघत होता.

आमच्याकडे ज्या बाईची लेकरं जगत नाहीत ती पुढचं लेकरू विकते. खोटं खोटं. सुपात घालून उकिरड्यावर ठेवायचं, जिची लेकरं जगतात अशा एखादीने ते उचलायचं आणि बदल्यात सूपभर कोंडा द्यायचा. म्हणजे मरण दाराशी आलं की त्याला सांगता येतं, इथे आमचं कुणी नाही बाबा, हे दुसऱ्याचं. नावही असं ठेवायचं की कुणाला हावरेपणा सुटू नये: दगडू, उकिरडा, येडबा. मग पाचव्या वर्षी कोंडा परत करायचा आणि लेकरू परत आणायचं. गावोगाव अशी विकून परत आणलेली माणसं मिशा पिळत हिंडतात, त्यात नवल काही नाही. येडबाच्या आधीची आईची सगळी बाळं सटवाईने पाचवीच्या आतच नेली होती. म्हणून त्यालाही विकला. पण आमच्या वडिलांनी एक चूक केली. सगळे शेजारणीला विकतात, ते हौसेने देशमुखीणबाईंना, चतुराबाईंना विकून आले. त्यांची सगळी लेकरं धडधाकट होती आणि एवढ्या मोठ्या घरची बाई आपलं पोर विकत घेते याचा वडिलांना मानही वाटला असणार. पाच वर्षांनी ते कोंडा घेऊन गेले. चतुराबाई म्हणाल्या, अरे, आता कुठे गुरांमागे जायला लागलाय, राहू दे की, माझ्याच हातचं खातो. वडील हट्टाला पेटले, पोराला घरी आणलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या अंगावर गोवर उमटला. आईने छाती पिटून घेतली. मरणाला पत्ता लागला म्हणाली. वडिलांनी तापलेलं पोर खांद्यावर टाकलं आणि जाऊन देशमुखीणबाईंच्या पायावर घातलं. ते बरं झालं. त्यानंतर आमच्या घरात कोंड्याचं नाव कुणी काढलं नाही.

देशमुखांकडे सालगडी होते. पाडव्याला त्यांचं साल ठरायचं, धान्य, घोंगडी, वहाणा ठरायच्या, आणि पटलं नाही तर पुढच्या पाडव्याला गडी दुसऱ्याच्या दारात. येडबाला साल नव्हतं. घरच्या लेकराला कुणी साल देतं का? सगळे त्याला बाईसाहेबांचा लेक म्हणत, आधी चेष्टेने, मग सवयीने. चतुराबाई त्याला स्वतःच्या हाताने भाकरी वाढत, दिवाळीला तेल लावत. पहाटेपासून दिवे लागेपर्यंत त्याच्या पाठीवर गाठोडं नाहीतर हातात शेणाची पाटी असे. त्यांची माया खोटी होती असं मला कधी म्हणता आलं नाही, आणि याचाच मला जास्त राग येतो. नुसता मार असता तर तो कधीच पळाला असता.

मी त्याच्यामागे जन्मलो आणि जगलो. विकायची वेळच आली नाही. शाळेत गेलो, मॅट्रिक झालो. पोलीस अॅक्शन झाली, निजाम गेला, मी पांढरी टोपी घालून गावात गेलो आणि देशमुखांच्या दारात उभा राहून जोरात म्हणालो की आता गुलामी संपली, माझा भाऊ मोकळा करा. चतुराबाईंनी काही वाद घातला नाही. म्हणाल्या, त्यालाच विचार. येडबा गोठ्यातून आला, हात शेणाने भरलेले. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "रायभान, मला कामून मारायलास?" त्याच्या डोळ्यात खरोखरची भीती होती. मी टोपी काढून खिशात घातली आणि परत आलो. कादंबरी लिहायचं त्या दिवशी मनात आलं. दुसरं काय करता येण्यासारखं होतं?

कादंबरी मी बरीच वर्षं मनात आणि दोन वर्षं कागदावर लिहीत होतो. माझी सगळी शाळा उर्दूत झालेली. मराठी लिहायला मी मास्तर झाल्यावर पोरांच्या बरोबरीने शिकलो. त्यामुळे माझी वाक्यं लहान, मोठ्या वाक्यात मी हरवतो. दिनकरराव म्हणाले, ही तुमची शैली. मला वाटत होतं, ही माझी अडचण. माझ्या नायकाला नाव नाही, नुसता "तो". "तो" सबंध पुस्तकात एक शब्द बोलत नाही. यावर तर दिनकरराव फिदा झाले. गुलामाला भाषा नसते हे तुम्ही न सांगता सांगितलं, मास्तर. आणि ते सूप! सूप सुरुवातीला येतं, अधूनमधून येतं, आणि शेवटी "तो" परत विकत घेतला जातो, गावाची शीव ओलांडतो आणि तिथेच कोसळून मरतो, तेव्हा आईच्या हातातल्या रिकाम्या सुपात वारा भरतो. अख्खी सरंजामशाही तुम्ही एका सुपात उभी केलीत, असं म्हणून त्यांनी मांडीवर थाप मारली आणि पुण्याच्या त्यांच्या ओळखीच्या प्रकाशकाला तिथल्या तिथे पत्र लिहिलं. मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो. शीव ओलांडल्यावर "तो" का मरतो, याला माझ्याकडे चांगलं उत्तर होतं: मोकळीक त्याला पेलत नाही. पण ते उत्तर नंतरचं. लिहिताना खरं तर मला दुसरा शेवट दिसतच नव्हता. आईची भीती माझ्या हाताला लागलेली होती आणि मी तिला प्रतीक म्हणत होतो.

आता येडबा शीव ओलांडून आला होता. मी भाकरी थापल्या, आईने पिठलं केलं. तो उंबऱ्याजवळ बसून भाकरी हातावर घेऊन जेवला, ताट नको म्हणाला. आणि बोलत होता! माझा "तो" मुका, पण हा खरा माणूस तोंड उघडलं की मिटतच नव्हता. देशमुखांचा मोरा बैल शिंगाने कडी कशी काढतो, किसनराव दुपारी घोरतात तेव्हा कोंबड्या कशा बिचकतात, रेल्वेत एक बाई आपल्या कोंबडीला कशी दम भरत होती. सांगताना तो दोन्हींचे आवाज काढत होता, कोंबडीचा आणि बाईचा. आई हसली. मीही हसलो आणि हसता हसता मनात म्हणालो, याला मी मुका केला. यातलं एकही वाक्य घालायला माझ्या पुस्तकात जागा नव्हती. मग न राहवून विचारलं, "दादा, शीव वलांडताना काय वाटलं रं?" लेखकाचा प्रश्न, दुसरं काय. तो भाकरीचा तुकडा मोडत म्हणाला, "काय वाटायचं? म्हातारी मागं ऱ्हायली का काय, ते बघायलतो."

पण मी त्याच्यावरची नजर काढू शकत नव्हतो. तो खोकला की माझा घास थांबे. जांभई दिली की मी त्याचे डोळे बघे, तांबडे तर नाहीत ना. आईने चुलीतली काजळी बोटाला लावून त्या बाप्या माणसाच्या गालावर तीट लावली, दंडाला काळा दोरा बांधला, तेव्हा मी एरवी तिच्यावर खेकसलो असतो. आज गप्प बसलो. तो मात्र बसायला तयार नव्हता. आधी माझ्या घरचं पाणी भरलं, मग ओटा झाडला, मग सगळी गल्ली झाडली. शेजारच्या पार्वतीबाई दारात येऊन बघत राहिल्या. त्यांचा नवरा रेल्वेत पॉइंट्समन, घरात पोरांचा हा गलका, दारात एक शेळी. "मास्तर, भावाला बसू द्या की घटकाभर," त्या म्हणाल्या. मी त्याला म्हटलं, दादा, बस. तो बसला आणि मी पाठ फिरवली तसा उठला. माझ्या बस म्हणण्यात काही दम नव्हता. मी धाकटा भाऊ होतो.

रविवारी सकाळी मी दिनकररावांकडे गेलो. येडबा बरा होता, खडखडीत होता, आणि तरी माझ्या छातीवरचा दगड हलत नव्हता. दिनकरराव झोपाळ्यावर बसून वर्तमानपत्र वाचत होते. मी उभ्याउभ्याच म्हणालो, "शेवट बदलावा म्हणतो."

"का बुवा?"

"तो जगला तर?"

"जगून करील काय?" त्यांनी चष्मा काढला. "मास्तर, जगला की तो तुमच्या-आमच्यासारखा एक माणूस झाला. बाजारात जाईल, विडी ओढील. मग त्या सुपाला काय अर्थ राहिला? सगळं पुस्तक त्या मरणाकडे चाललंय. आता मागे फिरलात तर भेकडपणा होईल."

"माझा भाऊ आलाय घरी. त्याला सोडलं त्यांनी."

ते झोपाळ्यावरून उतरलेच. "म्हणजे 'तो'? अहो, मग आणा ना त्याला इकडे! आपल्या मंडळींना बघू द्या एकदा."

बघू द्या! माझ्या डोळ्यांपुढे त्यांची बैठक आली, लोड, तक्के, पानाचं तबक, आणि कुणी वर ये म्हणेपर्यंत खाली उभा राहिलेला येडबा. माझं डोकं फिरलं. तो काही जत्रेतला दोन तोंडांचा पाडा नव्हे, असं मी म्हणालो, किंवा म्हणालो असं मला वाटतं. दिनकरराव तसे भले गृहस्थ. त्यांना माझ्या तोंडावर काहीतरी दिसलं असावं. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "घाबरू नका हो. लिहिल्यानं कधी कुणी मरतं का?" ठाऊक आहे, मी म्हणालो, आणि चहा न घेता निघालो. रस्त्यात स्वतःला समजावत होतो की मी शिकलेला माणूस आहे, वर्गात पोरांना ग्रहण का लागतं ते लिंबू आणि नारंगी घेऊन शिकवतो. स्टेशनपर्यंत भरभर चाललो. स्टेशनापासून पुढे पळत सुटलो. कशासाठी पळतोय ते मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

पार्वतीबाईंच्या अंगणात येडबा पडलेला होता. शेजारी कुऱ्हाड. भोवती फोडलेल्या लाकडाचा ढीग, रेल्वेच्या जुन्या स्लीपरांचा, पावसाळाभर पुरेल एवढा. पार्वतीबाई हात चोळत उभ्या होत्या. "मास्तर, शप्पथ घेते, म्या एवढंच म्हनलं की चुलीपुरतं दोन ढलपं काढून द्या. आन् आत जाऊन पडले जरा, डोळा लागला. मला काय म्हाईत ह्ये फोडतच ऱ्हातील म्हनून." आईलाही माझ्या खोलीत झोप लागली होती. देशमुखांकडे काम सांगणारा असे आणि पुरे म्हणणाराही असे. इथे त्याला पुरे कुणी म्हटलंच नाही. सूर्य डोक्यावर आला, कुणी बोललं नाही, म्हणून तो फोडत राहिला.

आम्ही त्याला उचलून आत आणला. अंग तव्यासारखं तापलेलं आणि घामाचा थेंब नाही. मी सायकल मागून घेतली, डॉक्टरला आणला. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलंय, जबरदस्त लागलंय. इंजेक्शन दिलं, ओलं फडकं अंगावर ठेवा म्हणाले, पाणी पाजत राहा. घाम फुटला म्हणजे जिंकलो. आणि न फुटला तर, असं मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. आई त्याच्या तळपायांना कांदा चोळत बसली. मी फडकं भिजवत होतो, पिळत होतो, घालत होतो. ते क्षणात कोरडं व्हायचं. त्याचे ओठ फुटले होते, जीभ मधूनमधून ओठांवरून फिरत होती. आणि ते मला माहीत होतं. पुढे काय होतं तेही माहीत होतं. आधी हाताची बोटं घोंगडी चिमटीत धरू लागतात, मग डोळ्यांचा पांढरा भाग दिसतो. मीच लिहिलं होतं ते. ओठांसाठी योग्य शब्द सापडेना म्हणून तेव्हा मी एक अख्खी संध्याकाळ येरझारा घातल्या होत्या आणि सापडल्यावर खूश होऊन बाहेर जाऊन भजी खाऊन आलो होतो. येडबाची बोटं घोंगडी चिमटू लागली.

"रायभान," आई म्हणाली, "त्याला धनी न्हाई. बिनधन्याचं ढोर कोंडवाड्यातच जातंय. इकून टाक त्याला."

"माय, गप बस!" मी एवढ्या मोठ्याने ओरडलो की पार्वतीबाईंची पोरं दारातून पळाली. "ऊन लागलंय त्याला. ऊन! डॉक्टरनं सांगितलं न्हाई का?"

ती कांदा चोळत राहिली. आणि मी काय केलं? सांगायला हसू येतं, पण त्या वेळी हसू नव्हतं. मी ट्रंक उघडली, कादंबरीचा गठ्ठा काढला, शेवटची पानं वर घेतली आणि खिडकीशी बसून ते मरण खोडू लागलो. ओळीन् ओळ. नुसती काट मारून भागेना, तेव्हा अक्षर दिसणार नाही असं गिरवून. वाऱ्याने भरलेलं सूपही खोडलं. मग समासात लिहिलं, "तो उठून बसला." ती शाई वाळायच्या आत मी मान वळवून येडबाकडे बघितलं. खरंच बघितलं. तो उठून बसला नव्हता. श्वास आता तोंडाने घेत होता, मोठ्याने. आईला अडाणी म्हणणारा मी, पेन हातात धरून वाट बघत होतो. तिचा देव उकिरड्यावर होता, माझा दौतीत, एवढाच काय तो फरक. आणि माझ्या देवाने तर काहीच केलं नाही.

मी पेन ठेवलं. उन्हं कलली होती, भिंतीवर तांबूस पट्टा आलेला. "कुणाला इकायचं?" मी विचारलं.

आईने वर बघितलं. तिच्या तोंडावर जिंकल्याची खूणही नव्हती, नुसती घाई होती. "पार्वतीबाईला. तिची समदी जगल्यात. पन बापाच्या जागी आता तू हायस. इकणाऱ्यानं तोंडानं म्हनावं लागतं."

पार्वतीबाई आधी मागे सरकल्या. "आवं, एवढा बाप्या मानूस मी कसा इकत घिऊ? आमचे ड्युटीवरून आले तर काय म्हनतील? आन् कायतरी बरंवाईट झालं तर माझ्या पोरांवर नको बाई." आईने त्यांचे पाय धरले. बाईचे डोळे भरून आले. दुपारी डोळा लागल्याचं त्यांच्या मनाला खात होतं, ते दिसत होतं. त्या आत गेल्या आणि शेळीसाठी ठेवलेला गव्हाचा कोंडा जर्मनच्या ताटलीत घेऊन आल्या. सूप त्यांच्याकडे नव्हतं. आईचं गावीच राहिलेलं.

आता मला म्हणायचं होतं. ते वाक्य मला पाठ होतं. कादंबरीत ते मी वडिलांच्या तोंडी घातलं होतं, आणि दिनकररावांनी ते वाचताना मुद्दाम थांबून सगळ्यांकडे बघितलं होतं, की पाहा, बाप आपल्या पोटच्या पोराला काय म्हणतो. सगळ्यांनी मान हलवली होती. मीही. त्या वाक्याची मला मनापासून चीड होती, सबंध पुस्तक मी त्या वाक्यावर तुटून पडण्यासाठी लिहिलं होतं. येडबाचा श्वास मधेच अडला, मग पुन्हा सुरू झाला. आई म्हणाली, "बोल की रं." आणि मी बोललो. "बाई, हे लेकरू मी तुम्हाला विकलं. आमचा याच्यावर काही हक्क नाही. मारा, तारा, तुमचं." आवाज माझाच होता, वर्गातला, स्पष्ट. पार्वतीबाईंनी ताटली माझ्या हातात दिली, वाकून येडबाच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "आमचं झालं." मी कोंड्याची ताटली धरून उभा राहिलो. ती कुठे ठेवायची असते ते मला माहीत नव्हतं.

दिवे लागायच्या सुमाराला त्याच्या कपाळावर ओल दिसली. आधी मला फडक्याचं पाणी वाटलं. मग गळ्याशी, छातीवर, सगळ्या अंगावर घाम आला, धारा लागल्या. आई रडायला लागली. इंजेक्शनने आला की कांद्याने की आणखी कशाने, हे मी ठरवत बसलो नाही, मला ठरवायचंही नव्हतं. माझा भाऊ जगला होता. मी भिंतीला टेकून खाली बसलो.

येडबाने डोळे उघडले. इकडे तिकडे बघितलं, आपण कुठे आहोत हे त्याला लागत नव्हतं. मी पुढे होऊन म्हटलं, "दादा, घरी हाईस. माझ्या घरी. झोप निवांत." त्याने माझ्याकडे बघितलं न बघितलं. तो उठायची खटपट करत होता, कोपरावर भार देत होता, पडत होता, पुन्हा देत होता. लाकडं राह्यली म्हणत होता. मी खांदे धरून दाबतोय आणि तो माझ्या हाताखाली धडपडतोय. डॉक्टरने हलू देऊ नका म्हणून बजावलं होतं.

"येडबा," आई त्याच्या कानाशी वाकून म्हणाली, "भिऊ नगंस. तुला इकलं रं बाबा. पार्वतीबाईनं घेतलं."

तो थांबला. हळूहळू मान वळवून त्याने दाराशी उभ्या असलेल्या पार्वतीबाईंकडे बघितलं. दोन दिवस तो माझ्या घरात हसत होता, बोलत होता, कोंबड्यांचे आवाज काढत होता. पण त्याचा चेहरा असा सैल झालेला मी या दोन दिवसांत पाहिला नव्हता. देशमुखांच्या दारात मी भाषण करत होतो तेव्हाही नाही.

"बाई," तो म्हणाला, आवाज खोल गेलेला, "सकाळी पयलं काम काय हाय?"

पार्वतीबाईंनी घाबरून माझ्याकडे बघितलं. आई खाली मान घालून बसलेली. असल्या वेळी काय बोलायचं असतं ते त्या खोलीत मला एकट्यालाच ठाऊक होतं.

"त्याला झोप म्हणून सांगा," मी म्हणालो. "तुम्ही सांगितल्याशिवाय तो झोपायचा नाही."

"झोपा," बाई म्हणाल्या.

"असं नाही. अरे-तुरे करा. जरा जोरात."

त्यांनी पदर सावरला. "येडबा, झोप. मी उठवल्याबिगर उठायचं न्हाई."

"जी," तो म्हणाला, आणि लगेच झोपला.